खडखड मिस्त्रींची ढिली कवळी

बोअर मारायच्या रिगवर त्यांना तोंडावर मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे खडखड मिस्त्री. पाठीमागचं नाव त्यांनाही ठाऊक होतं, कारण जिथे दोन इंजिनं आणि एक पंप दिवसभर बोंबलत असतात, तिथे पाठीमागचं बोलणंही कोकलूनच बोलावं लागतं.

नाव पडलं कवळीवरून. तीस वर्षांपूर्वी पाइप कसायचा मोठा पाना सटकला आणि थेट मिस्त्रींच्या तोंडावर येऊन बसला. पुढच्या अकरा दातांनी जागच्या जागी राजीनामा दिला आणि उरलेले एकेक करून त्यांच्या मागोमाग गेले. मग एका घाईतल्या डॉक्टरनं घाईघाईत माप घेऊन कवळी करून दिली. ती पहिल्या दिवसापासून ढिली. बोलताना खडखड, हसताना खडखड. शिंक आली की मिस्त्री आधी तोंडावर हात ठेवत आणि मग शिंकत. एकदा हात पोचायला उशीर झाला आणि कवळी साहेबांच्या चहात पडली. ते साहेब पुढे बदलून गेले, गोष्ट मात्र रिगवरच राहिली.

मिस्त्रींचं काम होतं खोल बोअर मारण्याचं. रिगच्या फळ्यांवर ब्रेकचा दांडा हातात धरून उभं राहायचं आणि खाली किती वजन द्यायचं, पाइप किती वेगानं फिरवायचा, ते ठरवायचं. ऐकायला सोपं वाटतं. बघ्यांनाही वाटतं की एक लोखंडी दांडा फिरतोय आणि खाली भोक पडतंय, त्यात काय एवढं? पण आठशे मीटर लांब पाइप हा दांडा राहत नाही. तो लवतो, पिळतो, रुसतो. कधी टोकाचं खडक फोडणारं बिट खडकावर बेडकासारखं उड्या मारायला लागतं. कधी बिट अडकून बसतं आणि वरचा पाइप ओल्या धुण्यासारखा पिळत जातो, मग एकदम सुटतो आणि गरकन फिरतो. आणि कधी पाइप भोकाच्या भिंतींवर आदळत, दारू प्यालेल्या माणसासारखा गल्लीच्या दोन्ही बाजू मोजत चालतो. तिन्ही थरथरीच, पण तिन्हींची औषधं वेगळी. पिळणाऱ्या पाइपाचं वजन कमी करून वेग वाढवायचा. भिंतींवर आदळणाऱ्याचा वेग उतरवून वजन वाढवायचं. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर पाइप तुटतो, आणि तुटलेलं टोक पाऊण किलोमीटर खाली जाऊन बसतं. ते काढायला हात घालता येत नाही.

मिस्त्रींच्या हातून तीस वर्षांत दोनच पाइप तुटले होते. लोक म्हणत, त्यांच्या तळपायांना डोळे आहेत. मिस्त्री नुसते हसत. खरी गोष्ट त्यांची त्यांनाही धड ठाऊक नव्हती. थरथर पाइपातून वर यायची, फळ्यांतून पायात, पायांतून हाडांत आणि हाडांतून त्या ढिल्या कवळीत. बिट उड्या मारायला लागलं की पुढचे दात टकटक वाजायचे. भिंतींवर आदळायला लागलं की दाढा करकरायच्या. आणि पीळ बसायला लागला की कवळी हळूच हिरडीला धरायची, सोडायची, परत धरायची. मिस्त्री ओठ मिटून उभे राहायचे आणि हात आपोआप हलायचा. आता भल्या थोरल्या रिगचा कारभार खोट्या दातांच्या सल्ल्यानं चालतो, हे कुणाच्या ध्यानात येईल?

तर असे हे मिस्त्री. तीस वर्षं दुसऱ्यांच्या गावांना पाणी काढून देऊन निवृत्तीला चार महिने उरले असताना पहिल्यांदा स्वतःच्या गावात बोअर मारायला आले. गावाच्या वरच्या विहिरींचं पाणी मचूळ झालं होतं. गोडं पाणी नऊशे मीटरवर, काळ्या टणक खडकाच्या खाली होतं. रिग उभी राहिली शाळेच्या मैदानामागे, मिस्त्रींच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर. आयुष्यात पहिल्यांदा ते घरचा डबा खाऊन बोअर मारत होते. हा बोअर आपल्या हातानं पुरा करायचा, आपल्या नळाला आपण काढलेलं पाणी यायला हवं, एवढीच एक हौस त्यांना उरली होती. त्यांनी ती इतक्या जणांना बोलून दाखवली होती की चहावाला त्यांना बघून नुसतं विचारायचा, "आलं का पाणी?"

पण घरी मिस्त्रींची लेक होती.

लेक कवळ्या बनवायची. नुकतीच तिनं किल्ल्या करून देणाऱ्याच्या दुकानावरची खोली घेऊन स्वतःची लॅब थाटली होती. पहिल्याच दिवशी शहरातले एक नावाजलेले दाताचे डॉक्टर पाहायला आले. मिस्त्री पुढे होऊन हौसेनं म्हणाले, "या, बसा." त्यातलं 'या' बाहेर पडायच्या आधी कवळीच बाहेर डोकावून आली.

डॉक्टरांनी सौम्यपणे विचारलं, "हे काम कुणाचं?"

लेकीचा चेहरा पडला. लोहाराचा भाता दिवसरात्र चालावा आणि घरच्या विळीला धार नसावी, तशातली गत. त्या रविवारी तिनं बापाला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं आणि तोंडात गुलाबी लगदा कोंबून म्हणाली, "बाबा, चार मिनिटं हलायचं नाही की बोलायचं नाही."

मिस्त्रींच्या बायकोनं ही संधी सोडली नाही. ती पदर खोचून समोर येऊन उभी राहिली. "अहो, तोंड बंदच आहे तर ऐका," असं म्हणून तिनं लग्नापासूनची सगळी गाऱ्हाणी त्या चार मिनिटांत उरकायला घेतली. शेवटचं गाऱ्हाणं संपायला दोन मिनिटं कमी पडली, म्हणून लेकीनं लगदा आणखी दोन मिनिटं ठेवला.

नवी कवळी आली. काय ती कवळी! मोत्यासारखी, आणि हिरडीवर अशी बसली की जणू तिथेच उगवली. मिस्त्रींनी सगळ्यांसमोर सफरचंदाचा कचकन लचका तोडला. लेकीचे डोळे भरून आले. बायको म्हणाली, "आता तुम्ही घरात आलात तरी कळत नाही. चोर शिरल्यासारखं वाटतं."

तिसऱ्या दिवशी, सहाशे मीटरवर, पाइप तुटला.

मिस्त्रींना काही म्हणजे काही कळलं नव्हतं. फळ्या नेहमीसारख्या हलत होत्या, तोंडात शांतता होती आणि अचानक वजनाचा काटा धाडकन पडला. तुटलेलं टोक काढण्यात नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी रिगचे आताचे साहेब येऊन म्हणाले, "मिस्त्री, तुमचा मान मला आहे. पण पुन्हा तुटला तर हा बोअर दुसरा माणूस पुरा करेल. तुम्ही आराम करा."

आराम! मिस्त्रींना तो शब्द पान्यापेक्षा जोरात लागला. वय झालं, पाय बधिर झाले, अशी त्यांची खात्री पटली. घरी येऊन ते धुण्याच्या मशीनजवळ जमिनीवर बसले, कारण तेवढ्या जागी कुणी विचारपूस करायला येत नसे. मन रमवायला भाजलेले दाणे घेतले. नव्या कवळीनं दाणे खायला लेकीनं महिनाभर बंदी केली होती, तेव्हा त्यांनी खिळ्यांच्या डब्यात ठेवलेली जुनी कवळी गुपचूप चढवली. पहिला घास चावला आणि इकडे मशीन कपडे पिळायला गरगरा फिरायला लागलं.

टकटकटकटक!

मिस्त्री दाणे तोंडात तसेच ठेवून बसून राहिले. मशीन थांबलं, तोंड थांबलं. मशीन फिरलं, तोंड वाजलं. त्यांनी मशीनवर हात ठेवला, काढला, परत ठेवला. मग एकटेच इतक्या जोरात हसले की बायको आतून ओरडली, "अहो, काय सांडलं?"

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रींचे दोन संसार सुरू झाले. घरी नवी कवळी, रिगवर जुनी. ती डब्याच्या वरच्या छोट्या कप्प्यात, रुमालात गुंडाळून यायची. लेकीला सांगायचा धीर होत नव्हता. पोरीनं जीव ओतून केलेली वस्तू आणि आपण म्हणायचं, तुझी फार चांगली आहे म्हणून चालत नाही?

काम मात्र पुन्हा रांगेला लागलं. सातशे, आठशे, आठशे साठ. रिगवर एक इंजिनिअर बाई होत्या. मिस्त्री त्यांना मापवाल्या बाई म्हणायचे, कारण त्यांनी बिटाच्या मागे थरथर मोजायचं यंत्र बसवलं होतं. खालून वरपर्यंत आकडा यायला दीड मिनिट लागायचं. बाई हुशार होत्या आणि त्यांना एक गोष्ट छळत होती.

"मिस्त्री, तुमचा हात माझ्या आकड्याच्या आधी हलतो. दीड मिनिट आधी. तुम्हाला कोण सांगतं?"

"अनुभव, बाई," मिस्त्री म्हणाले. कवळी खडखडली.

"अनुभवाचा आवाज येतो का असा?"

"जुना आहे ना. जुनी वस्तू वाजतेच."

चाळीस मीटर उरले तेव्हा काळा खडक लागला. आणि त्याच सकाळी बाईंचं यंत्र अर्धं मेलं. वरखाली, आडवी आणि पिळाची अशा तिन्ही थरथरी ते वेगळ्या मोजायचं. आता नुसता एकच आकडा वर येत होता, सगळं मिळून किती हादरतंय त्याचा. थरथर मोजायला सोडलेलं यंत्र थरथरीनंच गेलं, म्हणजे पोहायला शिकवणाराच बुडाला. यंत्र बदलायचं तर सगळा पाइप वर काढायचा. तेवढ्या दोन दिवसांत भोकाच्या भिंती टिकतील याचा भरवसा नव्हता.

"खूप हादरतंय एवढं कळेल," बाई म्हणाल्या, "पण काय हादरतंय ते नाही कळायचं."

"बघतो मी," मिस्त्री म्हणाले आणि ऐटीत पाइपांच्या थप्पीमागे गेले. डबा उघडला, रुमाल सोडला, कवळी बदलली.

तोंडात शांतता.

त्यांनी जबडा हलवला. काही नाही. मान झटकली. काही नाही. काढून पाहिली, तर कवळी तीच होती, कोपऱ्यावरचा टवकाही तोच. पण आतल्या बाजूला गुलाबी रंगाचा ताजा, तुळतुळीत थर होता.

बायकोनं डबा घासताना ती पाहिली होती आणि लेकीला दिली होती. लेकीला वाटलं, बाबा नवी कवळी धुळीत खराब होऊ नये म्हणून रिगवर जुनी वापरतात. किती जपतात! तिनं तीही आतून भरून बापाच्या हिरडीबरहुकूम घट्ट करून टाकली आणि काही न बोलता डब्यात परत ठेवली. लेकीनं माया केली होती आणि ती नेमकी नको तिथे चिकटून बसली होती.

मिस्त्री फळ्यांवर परत आले. बिट दोन पाइप वर उचललं, भोकातलं चिखलपाणी पंपानं फिरतं ठेवलं आणि फोन काढला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"लेकीला बोलावतो."

"आत्ता? कशाला?"

मिस्त्रींनी एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा बाईंच्या अर्धमेल्या यंत्राच्या पडद्याकडे. आता लाज राखावी की बोअर? "दात ढिले करायला," ते म्हणाले. आणि मग तीस वर्षं तोंडात राहिलेली गोष्ट भडाभडा बाहेर काढली. बाई हसतील असं त्यांना वाटलं होतं. बाईंनी वही काढली.

"पुढचे वाजले म्हणजे वरखाली? नक्की? आणि दाढा म्हणजे आडवी?" त्या पेन चावत म्हणाल्या. "मिस्त्री, तुम्ही तीन महिने माझ्यापासून यंत्र लपवलंत!"

वीस मिनिटांत लेक स्कूटरवरून आली. डोक्यावर हेल्मेट, पिशवीत घासायचं छोटं मशीन आणि चेहऱ्यावर भीती. तिला फोनवर एवढंच कळलं होतं की बाबांच्या कवळीचा रिगवर घोटाळा झालाय. घोटाळा ऐकून घेतल्यावर भीती गेली आणि राग आला.

"बाबा, लोक माझ्याकडे ढिली कवळी घट्ट करायला येतात!"

"लोकांना खायचं असतं गं. मला ऐकायचंय."

"आणि माझी? एवढी छान केली होती मी."

"तुझी इतकी छान आहे, इतकी छान आहे की..." मिस्त्री अडखळले. "कान झाकल्यासारखं होतं बघ. पाइप तुटला तरी मला पत्ता नाही."

 त्या तुटलेल्या पाइपापासून बाबा कसे खंगले होते ते लेकीनं पाहिलं होतं. त्याचं कारण आपण सफरचंद चावायला लावलं तेव्हाच त्यांच्या तोंडात बसवलं होतं, हे तिच्या आत्ता ध्यानात येत होतं. तिनं हेल्मेट काढलं, रिगच्या कठड्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. इंजिनाची थरथर तिच्या कोपरापर्यंत चढली.

"ही इंजिनाची," मिस्त्री कानाशी म्हणाले. "हिच्या खाली एक बारीक आहे. ती पाइपाची. ती मला पाहिजे."

"किती ढिली पाहिजे?"

"पडायची नाही, पण बसायची पण नाही. पाहुण्यासारखी. केव्हाही उठेल अशी."

मग जे झालं ते त्या रिगवर पूर्वी झालं नव्हतं. मिस्त्रींनी बिट खडकाला नुसतं टेकवलं आणि पाइप सावकाश फिरता ठेवला. एक हात ब्रेकवर, तोंड आ वासलेलं. लेक कवळी काढायची, आतला थर केसभर घासायची, परत बसवायची. मापवाल्या बाई टॉर्च धरून उभ्या.

"आता?"

"घट्ट."

"आता?"

"मागची डावी बोलायला लागली. पुढचे अजून मुके आहेत."

"बाबा, एवढ्यानं तर दुसऱ्या कुणाची घशात जाईल!"

"दुसऱ्या कुणाला देणार आहेस का?"

नेमके त्याच वेळी साहेब शिडी चढून वर आले. समोर पाहतात तर मिस्त्रींच्या तोंडात एका मुलीचा हात, दुसऱ्या हातात गुरगुरणारं मशीन, आणि इंजिनिअर बाई जबड्यात टॉर्च मारतायत.

"हे काय चाललंय?"

बाईंनी मान न वळवता सांगितलं, "थरथरीचं यंत्र दुरुस्त करतोय, साहेब. दोन मिनिटं."

साहेब काही बोलणार, इतक्यात मिस्त्रींच्या तोंडातून आवाज आला: टक. मग टकटक. मिस्त्रींचा चेहरा असा उजळला की जुना मित्र स्टेशनवर उतरलाय. लेकीनं मशीन बंद केलं. आपल्या हातानं वाईट कवळी बनवून एवढा आनंद होईल असं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

बिट खडकात शिरलं. पहिले बारा मीटर कवळी धरत आणि सोडत होती, म्हणजे पीळ. मिस्त्रींनी वजन उतरवलं, वेग चढवला. पडद्यावरचा आकडा दीड मिनिटानं गुमान खाली आला. साहेब घड्याळ बघत होते, मग घड्याळ बघायचं विसरले.

तेराव्या मीटरला आकडा पुन्हा उसळला.

"परत पीळ!" बाई ओरडल्या. "वेग अजून वाढवा!"

मिस्त्रींनी ओठ मिटले. पुढचे दात गप्प होते, धरसोड नव्हती. दाढा मात्र करकरत होत्या, दोन्ही बाजूंनी, आळीपाळीनं. त्यांनी वेग निम्म्यावर आणला आणि वजन चढवायला लागले.

"मिस्त्री, उलटं करताय!" साहेब पुढे सरसावले. लेकीनं त्यांच्या आडवा हात घातला. मिस्त्रींना उत्तर द्यायची सोय नव्हती, कारण तोंड उघडलं की ऐकू येणं बंद. त्यांनी नुसतं गालावर बोट आपटून दाखवलं: दाढ.

"दाढ! आडवी आहे!" बाईंनी वही आपटली. "भिंतींवर आदळतोय. बरोबर आहे, साहेब, बरोबर आहे!"

दीड मिनिट. रिगवरच्या सगळ्यांनी ते उभ्या उभ्या मोजलं. आकडा थांबला, दोन घरं उतरला, मग घसरगुंडीवरून यावं तसा खाली आला. मिस्त्रींच्या तोंडातली करकरही विरत विरत गेली.

संध्याकाळी पाच वाजता काळा खडक संपला. बिट मऊ थरात गेलं आणि नव्वद पाइप अखंड, जसे गेले तसे, एकेक करून वर आले. शेवटच्या पाइपावर मिस्त्रींनी उगाच दोनदा हात फिरवला. साहेब जवळ आले, घसा खाकरून म्हणाले, "आरामाचं मी जे बोललो ते..." मिस्त्रींनी हसून मान डोलावली, खडखड करत.

बाईंनी अहवाल लिहिला. थरथर कशानं ओळखली, या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'कवळी, हातानं जुळवलेली.' वरच्या ऑफिसातून विचारणा आली, ही कवळी कोणत्या बनावटीची आणि आणखी चार मिळतील का? बाईंनी लेकीच्या लॅबचा पत्ता कळवून टाकला.

महिन्याभरानं मिस्त्री निवृत्त झाले. घरच्या नळाला पाणी आलं तेव्हा त्यांनी पहिला पेला लेकीला दिला, दुसरा बायकोला. बायको घोट घेऊन म्हणाली, "बरं आहे. पण एवढ्या खोलीवरून आणलंत, थोडं गार तरी आणायचं." नऊशे मीटरवरचं पाणी कोमटच येतं, हे तीस वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता मिस्त्री घरी नवी कवळी घालतात. मध्यंतरी लेक म्हणाली, "बाबा, जुनीचं काम संपलं. आणा, परत घट्ट करून ठेवते."

मिस्त्री तेव्हा धुण्याच्या मशीनजवळ जमिनीवर बसले होते. तोंडात जुनी कवळी, हातात दाणे. त्यांनी बोट वर करून तिला थांबवलं आणि ओठ मिटून जरा वेळ ऐकलं.

"राहू दे," ते म्हणाले. "मशीनचं मागचं बेअरिंग चाललंय. आईला सांग, आठवडाभर चादरी टाकू नको."

पाचव्या दिवशी बायकोनं चादरी टाकल्या. सहाव्या दिवशी मिस्त्री पाना घेऊन मशीनखाली आडवे झाले होते आणि खुशीत खडखडत होते.